भूत चालेल, पण झोप लागली पाहिजे

न्यू जर्सीत राहायला आल्यापासून ऑक्टोबर महिना मला दोन कामांसाठी नकोसा वाटतो. एक म्हणजे अंगणातली पानं गोळा करणं, आणि दुसरं म्हणजे ३१ तारखेला, हॅलोविनच्या रात्री, घरातल्या सगळ्यांना एका सोफ्यावर बसून बघता येईल असा भुताचा सिनेमा शोधणं. पानांसाठी निदान यंत्र मिळतं.

धाकटी सहा वर्षांची. तिला भूत हवं असतं, पण 'क्यूट' हवं असतं. थोरला तेरा वर्षांचा. त्याला क्यूट या शब्दाचीच शिसारी आहे आणि कुठल्याही सिनेमासाठी त्याचं एकच प्रमाणपत्र असतं : "माझ्या सगळ्या मित्रांनी बघितलाय." एकदा मी त्यातल्या एका मित्राच्या वडिलांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "आमचा तर म्हणतो तुमच्याच मुलाने बघितलाय." बायको पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर रक्त बघून आल्यावर तिला घरी पुन्हा तेच नको असतं. आई कराडहून सहा महिन्यांसाठी आलेली. ती कशालाच घाबरत नाही, फक्त प्रश्न विचारते. राहता राहिलो मी. मी घाबरतो. पण ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

गेल्या काही वर्षांत मी या विषयाचा थोडा अभ्यास केला आहे, तोही मार खाऊन. इथे सिनेमावर पीजी असं लिहिलेलं असलं की आपण बिनधास्त होतो, कारण त्याचा अर्थ 'आईवडिलांनी लक्ष ठेवावं' एवढाच आहे आणि आपण शेजारीच तर बसलेले असतो. पण त्यात एक मेख आहे. पीजी-१३, म्हणजे 'तेराच्या आतल्या पोरांसाठी जास्तच सांभाळा' सांगणारा वर्ग, निघाला जुलै १९८४ मध्ये. त्याआधी पीजीच्या पोत्यात काय वाटेल ते भरलेलं असायचं. १९८२ चा 'पोल्टरगाइस्ट' पीजी आहे! त्यात एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःच्या चेहऱ्याचं मांस ओरबाडतो आणि एक विदूषक बाहुला पोराला पलंगाखाली ओढतो. कोणत्या आईवडिलांनी लक्ष ठेवायचं आणि कशावर?

मी फसलो तो 'ग्रेमलिन्स'मध्ये. १९८४ च्या जूनमधला, म्हणजे नवा वर्ग निघायच्या जेमतेम महिनाभर आधीचा. पोस्टरवर मोठ्या कानांचा गोंडस प्राणी. धाकटी टाळ्या पिटत बसली. अर्ध्या तासाने त्या गोंडस प्राण्याची पिलावळ मध्यरात्रीनंतर जेवली, हिरवी भुतं झाली आणि सिनेमातल्या आईने त्यातलं एक मिक्सरमध्ये फिरवलं आणि एक मायक्रोवेव्हमध्ये फोडलं. पुढचे तीन आठवडे आमच्या घरी ओल्या नारळाची चटणी झाली नाही. मिक्सरचं भांडं नुसतं ओट्यावर ठेवलं तरी धाकटी झाकण उघडून आत कोणी नाही ना, हे बघून यायची. इडल्या आम्ही सॉसबरोबर खाल्ल्या.

(पीजी-१३ निघायला 'ग्रेमलिन्स' जितका कारणीभूत, तितकाच त्याच उन्हाळ्यातला इंडियाना जोन्सचा 'टेम्पल ऑफ डूम'. त्यात अमरीश पुरी एका माणसाच्या छातीत हात घालून जिवंत काळीज बाहेर काढतात. लोकांनी एवढी ओरड केली की दिग्दर्शक स्पीलबर्गनेच मधला एक वर्ग काढा म्हणून सुचवलं. म्हणजे अमेरिकेतली पोरं रात्री शांत झोपतात त्यात आपल्या अमरीश पुरींचा हात आहे. मनगटापर्यंत.)

त्यातून २०२४ साली कहर झाला. ३१ ऑक्टोबरलाच लक्ष्मीपूजन आलं. तिकडे भारतात पूजन ३१ ला करायचं की १ ला, यावर पंचांगकर्त्यांची जुंपली होती, पण आम्ही साडेनऊ तास मागे. आमची अमावास्या ३१ च्या सकाळी लागून १ च्या सकाळी संपत होती, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. एकाच संध्याकाळी एका दारात रांगोळी आणि भोपळा.

"लक्ष्मीपूजनाच्या रात्री भुताचा सिनेमा?" आईने आठवडाभर आधीच विचारलं.

"आई, हॅलोविन आहे," बायको म्हणाली. "सगळीकडे बघतात."

"बघू देत. पण आपल्याकडे लक्ष्मी यायची असते गं. तिने आत डोकावलं आणि टीव्हीवर हडळ, तर ती काय समजेल?"

शेवटी असं ठरलं, की पूजा आधी, सिनेमा नंतर, आणि सिनेमा असा हवा की लक्ष्मीलाही बसून बघता यावा. अटींमध्ये अजून एकीची भर पडली.

म्हणून मी आदल्या शनिवारी रंगीत तालीम ठेवली. पहिला 'कोरलाइन', २००९ चा. थोरल्याने सुचवलेला, रीतसर पीजी, म्हणजे १९८४ नंतरचा खरा पीजी. गोष्ट अशी, की एका मुलीला भिंतीतल्या दारापलीकडे दुसरी आई सापडते. ही आई प्रेमळ, खायला-प्यायला घालणारी, फक्त तिला डोळ्यांच्या जागी काळी बटणं आहेत आणि मुलीचेही डोळे काढून बटणं शिवायचा तिचा बेत आहे. सुरुवातीलाच सुयांसारख्या बोटांचे हात एक बाहुली उसवतात आणि नव्याने शिवतात. मी उशी पोटाशी धरली. आणि त्याच वेळी शेजारी आई काय करत होती? थोरल्याच्या ड्रॅक्युलाच्या कोटाचं निघालेलं बटण लावत होती. काळं. चार भोकांचं. तिने दोरा ओवला, दाताने तोडला, सुई दिव्यासमोर धरली आणि धाकटीकडे वळून अत्यंत मायेने म्हणाली, "इकडे ये गं बाळा."

धाकटी जी किंचाळली, की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. आईला फक्त खाली पडलेलं दुसरं बटण उचलून हवं होतं.

दुसरा 'होकस पोकस'. १९९३ चा. हा डिस्नीने भर जुलैत थिएटरात आणला तेव्हा साफ आपटला आणि नंतर दर ऑक्टोबरला टीव्हीवर लावून लावून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अमेरिकेतल्या सेलम गावातल्या तीन चेटकिणी, १६९३ साली फाशी गेलेल्या, तीनशे वर्षांनी परत येतात. आईला तिघी आवडल्या. "थोरली कशी ठसक्यात बोलते," म्हणाली. सगळं सुरळीत चाललं होतं. पण या चेटकिणी परत येतात त्या एका काळ्या ज्योतीच्या मेणबत्तीमुळे, आणि ती मेणबत्ती कोणी पेटवायची तर व्हर्जिनने. हा शब्द सिनेमात एकदाच येत नाही. येतो, जातो, पुन्हा येतो.

"बाबा, व्हर्जिन म्हणजे काय?"

थोरल्याने मोबाइलमध्ये तोंड घातलं. बायकोला एकाएकी स्वयंपाकघरात काम निघालं. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "ऑलिव्ह ऑइलचा प्रकार असतो."

धाकटी विचारात पडली. "पण मेणबत्तीला तेल कशाला लागेल? तेल तर पणतीला लागतं."

"बरोबर आहे पोरीचं," आई म्हणाली आणि सिनेमा आपला निकालात निघाला.

तिसरा चार्ली ब्राउन या कार्टूनमधल्या पोराचा, भोपळ्याचा, 'इट्स द ग्रेट पम्पकिन'. १९६६ चा, पंचवीस मिनिटांचा. यात भिण्यासारखं काहीच नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्यात पोरं दारोदार फिरतात, बाकीच्यांना गोळ्या-चॉकलेटं मिळतात आणि चार्ली ब्राउनच्या झोळीत प्रत्येक घरातून दगड पडतो. आईने पदर डोळ्यांना लावला. "सणासुदीला दारात आलेल्या पोराला दगड? कसली माणसं ही?" आमच्या तिन्ही सिनेमांत सगळ्यात भयंकर तिला हाच वाटला. तिने लगेच डब्यातले बेसनाचे लाडू मोजले.

ते मोजले ते बरं झालं. कारण इथला नियम असा, की दारातला दिवा चालू असला तर पोरांनी बेल वाजवायची, बंद असला तर पुढे जायचं. चॉकलेट संपली की लोक दिवा मालवून अंधारात गुपचूप बसतात. आमच्याकडे लक्ष्मीपूजन. दिवा मालवायचा नाही, दार लावायचं नाही. वर आकाशकंदील, कठड्यावर पणत्या. गल्लीतलं सगळ्यात झगमगीत घर आमचं. सहापासून रीघ लागली. सांगाडे आले, स्पायडरमॅन आले, एक चालता-बोलता पिझ्झा आला. आरतीच्या मध्ये चार वेळा बेल वाजली. पावणेआठला चॉकलेटं संपली आणि आई लाडवांचा डबा घेऊन दारात बसली. एका पाच वर्षांच्या सांगाड्याने लाडू तिथेच खाल्ला, मुखवटा वर करून परत हात पुढे केला. आईने त्याला चकलीही दिली. मागे उभी असलेली त्याची आई आकाशकंदिलाकडे बघत म्हणाली, "तुमची हॅलोविनची सजावट फारच सुंदर आहे हं!"

साडेआठला सगळे सोफ्यावर. कोरलेल्या भोपळ्यातून निघालेल्या गराचे आईने घारगे केले होते. कोरायचा भोपळा नुसता पाणचट आणि धाग्याधाग्यांचा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पीठ घालघालून घारगे बिस्किटासारखे टणक झाले होते. ते चावत आम्ही रिमोटकडे बघत बसलो. थोरल्याने पुन्हा मित्र काढले. धाकटीने मिक्सर बंद आहे ना, ते बघून घेतलं.

"अरे, ते तात्या विंचूचं लाव की," आई म्हणाली.

मी म्हणालो, मिळणार नाही. थोरल्याने अर्ध्या मिनिटात शोधला. 'झपाटलेला'. हाही १९९३ चाच. महेश कोठारे, लक्ष्मीकांत बेर्डे, आणि रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला. पाच वर्षं आधी अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' आला होता. त्यातही मरता मरता गुंड बाहुल्यात शिरतो. त्याला इथे आर प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांच्या आतल्यांना मोठ्यांशिवाय प्रवेश नाही. आम्ही तो मसाला चौथीत असताना, चिवडा खात, सहकुटुंब पाहिला होता.

मी त्यानंतर तो पाहिला नव्हता. कारणं सांगितली नव्हती.

मुलं काय हसली! थोरल्याला मराठी निम्मं कळतं, पण लक्ष्याला कळायला मराठी लागत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. धाकटी बाहुला उठला की टाळ्या वाजवायची. तिच्या मते तात्या विंचू क्यूट होता. बायको हसून हसून घारग्याने ठसकली. अटी सगळ्या पूर्ण झाल्या होत्या. उशीमागून मी एवढंच विचारलं, की किती राहिलाय अजून.

रात्री सगळे झोपल्यावर पणत्यांत तेल घालून वर येत होतो. जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाकटीची बाहुली बसली होती. पाय सोडून. माझ्याकडे बघत. मी शिकलेला माणूस आहे, बँकेत संगणक सांभाळतो. तिथे मी साधारण दहा मिनिटं उभा होतो.

सकाळी धाकटी घरभर फिरत होती. "माझी बाहुली दिसत नाहीये." मी वर्तमानपत्रात तोंड घातलं, ते आमच्याकडे येत नाही, कुठल्याशा दुकानाचं जाहिरातीचं पत्रक होतं.

आईने चहा गाळता गाळता विचारलं, "गाडीच्या डिकीत बघितलंस का गं?"

मी पत्रक खाली केलं. "तुला कसं कळलं?"

"इथे माळा नाही ना," आई म्हणाली. "कराडला माळ्यावर टाकली होतीस. वर ट्रंक ठेवून."