‘पंचशील संन्याशांसाठी’? मग सिगाल कोण होता?

बुद्ध जयंतीपासून एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. म्हणणं थोडक्यात असं: बुद्धाची नीती घरदार सोडलेल्यांसाठी, पंचशील म्हणजे नुसते पाच ‘नको’ (हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा), आणि शेवटी आव्हान, ‘खोटं न बोलता पुण्यात वर्षभर दुकान चालवून दाखवा.’ मी दुकानदारांचेच हिशेब लिहितो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी संन्याशांचं. भिक्खूंचे नियम वेगळे आहेत, हे खरंच; पाली पातिमोक्खात, म्हणजे त्यांच्या नियमावलीत, ते २२७ आहेत. पण पंचशील उपासकाचं, संसार करणाऱ्याचं. दीघनिकाय या बुद्धाच्या मोठ्या सुत्तांच्या (प्रवचनांच्या) संग्रहातला सिगाल हा राजगृहातल्या एका गृहस्थाचा मुलगा. सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत होता. बुद्धाने त्याला दिशांचा अर्थच बदलून दिला: पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण गुरू, पश्चिम बायकामुलं, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमण-ब्राह्मण. आणि खालची? नोकरचाकर. त्यांना झेपेल तेवढंच काम द्या, जेवण नि पगार द्या, आजारपणात बघा, घरात गोडधोड झालं तर त्यांनाही वाटा द्या, वेळच्या वेळी सुट्टी द्या. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत: एक खर्चायला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीला. घरदार सोडलेल्याला हा हिशेब कशाला सांगेल कोणी?

सुत्तं वाचायची नसतील तर लोकलने मळवलीला उतरा आणि कार्ल्याची लेणी चढा. चैत्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात धेनुकाकट गावचा सिंहदत्त आहे, धंद्याने गंधी. भिक्खूंच्या लेण्याचं दार एका अत्तरवाल्याच्या पैशाने झालं! आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर ज्यांनी पंचशील घेतलं, ते नंतर आपापल्या घरी, कामावरच गेले असतील, अरण्यात नाही.

‘पाच नको’ म्हणणाऱ्याने ओळ नीट ऐकलेली नाही. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.’ पाणातिपाता वेरमणी, जीव घेण्यापासून दूर राहणं. समादियामि, मी घेतो. सिक्खापद, शिकायचा धडा. वरून हुकूम कुणाचाच नाही. चुकलं तर पुन्हा घ्यायचं, म्हणून तर आम्ही ते दर रविवारी म्हणतो.

आता आव्हान. बुद्धाने उपासकाला पाच व्यापार करू नको म्हटलं: शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य, विष. बाकीचे खुशाल करावेत. वाचाही सत्य, हिताची आणि वेळ पाहून बोललेली हवी. म्हणजे खरेदीभाव गिऱ्हाइकाला सांगत बसायची सक्ती नाही. खोटा सांगू नका, एवढंच.

पण धंद्यात खरी परीक्षा मला दुसऱ्या शीलाची वाटते. त्यात ‘चोरी’ हा शब्दच नाही. शब्द आहे अदिन्नादान: न दिलेलं घेणं. मी ज्यांची वही लिहितो त्यातल्या एका मिठाईवाल्याकडे पेढे खोक्यासकट काट्यावर जातात. अर्ध्या किलोचं खोकं साधारण ४० ग्रॅम, पेढे ६०० रुपये किलो. म्हणजे खोक्यामागे २४ रुपये पुठ्ठ्याचे. गिऱ्हाइकाने ते पेढ्यांसाठी दिले होते. मालकाला म्हटलं, तर म्हणाले, ‘सगळेच धरतात.’

सगळे धरत नाहीत. त्यांच्याच गल्लीतले दुसरे मालक रिकामं खोकं आधी काट्यावर ठेवतात, बटण दाबून आकडा शून्यावर आणतात, मग पेढे भरतात. त्यांचीही वही माझ्याकडेच आहे. तिसरी दिवाळी झाली, दुकान व्यवस्थित चालू आहे.

पहिल्यांचं काम मी अजून सोडलेलं नाही. रविवारी विहारात दुसरं शील आलं की माझा आवाज जरा खाली येतो. शेजारी बसणाऱ्या काकांच्या ते लक्षात आलंय बहुतेक.