सांगलीत बंगला बांधताय? मातीच्या नादी लागू नका

प्लॉट झाला, नकाशा झाला, मुख्य दाराचं सागवानही ठरलं. आता कोणीतरी दीडशहाणा इंजिनिअर म्हणेल, आधी माती तपासून घ्या. अशा वेळी चहा मागवावा आणि विषय बदलावा. जे काम उद्या जमिनीत गाडलं जाणार, पाहुण्यांना दाखवता येणार नाही, त्यावर पैसे घालणारा माणूस सांगलीत तरी शहाणा समजला जात नाही.

पहिला उपाय शेजाऱ्याचा रिपोर्ट. झेरॉक्स काढायची, नाव आणि सर्व्हे नंबर बदलायचा. शेजारी मुरूम चार फुटांवर लागला म्हणजे तुमच्याकडेही लागणारच. मुरूम काय कंपाउंड बघून थांबतो? कृष्णेकाठी काळी माती कुठे दोन हात, तर कुठे चार-पाच मीटर असते, मध्येच पोयट्याचा थर येतो, कुठे वीटभट्टीसाठी माती उचलून नंतर राडारोड्याने खड्डा बुजवलेला असतो. या बारकाव्यांत शिरू नका. हरिपूरच्या बाजूला प्लॉट असेल तर हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांचा विषय मुळीच काढू नका. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि आत खोल, ऐसपैस पोट; असं एखादं जुनं, कच्चं बुजवलेलं पेव नेमक्या तुमच्या कोपऱ्यातल्या कॉलमखाली असेल, असं मनातही आणू नका.

बँक किंवा महापालिका रिपोर्टासाठी अडूनच बसली, तर एकच बोअर, म्हणजे माती तपासायचं भोक, मारा, तेही जिथे गाडी सहज उभी राहते तिथे. साधारण एकरभराच्या बांधकामाला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर असावं, लहान घराला मधलं एक चालेल, असं आयएस १८९२ हे जमीन तपासणीचं भारतीय मानक सांगतं. त्यातलं ‘एक चालेल’ एवढंच पाठ करायचं, अपार्टमेंट बांधतानाही. खोली फूटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या, रुंदीच्या निदान दीडपट हवी असते. तुम्ही पहिला टणक आवाज आला की थांबा. तो खडक आहे की मऊ मुरमात अडकलेला काळ्या दगडाचा गोटा, हे कळायला आणखी दोन-तीन मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढावा लागतो. खर्च वाढतो. त्यापेक्षा पाण्याची बोअरवेल मारलीच आहे ना? तिच्या धुरळ्याकडे बघून ‘खाली पक्का कातळ आहे’ असं सांगणारे अनुभवी लोक प्रत्येक गल्लीत भेटतात.

एसपीटी, म्हणजे ठोके मोजून जमीन किती घट्ट ते बघायची चाचणी, मात्र जरूर बघायला उभे राहा, करमणूक चांगली होते. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, १५-१५ सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत. पहिला टप्पा सोडून द्यायचा, कारण बोअरच्या तळाशी सैल माती साचलेली असते. उरलेल्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन व्हॅल्यू. तुम्ही तिन्ही टप्पे मोजायला लावा. शिवाय दोर ओढणारा दमून हातोडा अर्ध्यावरूनच सोडत असेल तर त्याला टोकू नका. मार कमी बसतो, ठोके जास्त लागतात आणि कागदावर जमीन घट्ट होते. इतक्या स्वस्तात जमीन सुधारणारी दुसरी पद्धत नाही.

वेळ मे महिन्याची धरा. तेव्हा काळी माती अशी वाळलेली असते की पहार उडते. जुलैत तीच माती बुटाला चिकटून घरापर्यंत येते, पण रिपोर्टवर तारीख मेची असते.

माती किती फुगते हे बघायला एक अगदीच साधी चाचणी आहे, म्हणूनच ती टाळायची. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली सुकी माती, दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि दिवसभर ठेवून द्यायची. रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात १७ वर, तर फुगवटा ७० टक्के. पन्नासच्या वर गेली की माती अतिफुगीर समजतात आणि मग अंडररीम पाइलची, म्हणजे जमिनीत खोल घातलेल्या काँक्रीटच्या खांबांची, भाषा सुरू होते: साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, खाली खांबाच्या अडीचपट व्यासाचा फुगा. कशाला ही पीडा? ‘हल्ली रॉकेल मिळत नाही’ हे कारण सगळे मान्य करतात.

जमिनीची ताकद स्ट्रक्चरल डिझायनरलाच ठरवू द्या. त्याचं स्टील आधीच वीस टन प्रति चौरस मीटर धरून काढलेलं असतं. प्रयोगशाळेला फोन करून तेवढा आकडा लिहायला सांगितला की दोन्ही कागद जुळतात. प्लेट लोड टेस्टचा, म्हणजे लोखंडी पाटीवर भार देऊन जमीन किती दबते ते बघण्याचा, आग्रह धरला तर फूटभराची प्लेट वापरा. तिचा दाब खाली दोन फुटांपर्यंतच पोचतो. सहा फुटी फूटिंगखाली दहा फुटांवरचा गाळ तिला दिसत नाही. पुराच्या पाण्यात माती निम्मं वजन हरवते हेही कोणी सांगेल. त्याला म्हणा, २००५, २०१९, २०२१ झाले की आता.

घर उभं राहिल्यावर भिंतीला चिकटून लॉन लावा, रोज पाणी मारा, सेप्टिक टँकची गळती तशीच राहू द्या. एक कोपरा फुगून वर येईल आणि खिडकीच्या कोनातून तिरकी चीर निघेल. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून चीर वाढतेय का ते बघत बसायचं नाही, पुट्टी मारायची. विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक ऑगस्टमध्येच बोलवा. तोवर माती भिजून बऱ्याच भेगा मिटलेल्या असतात. फक्त निघण्याआधी आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याची पातळी चाळीस फुटांच्या खाली आहे ना, तेवढं विचारून घ्या.