दुसरी बाही

विणकामानं मन शांत होतं असं जे म्हणतात, त्यांनी एकतर कधी विणलेलं नसतं किंवा जन्मभर फक्त मफलर विणलेले असतात. मफलरला कसली धास्ती? लोकर संपली की मफलर संपला. खरी परीक्षा होते ती स्वेटरच्या दुसऱ्या बाहीला. पाठ झालेली असते, पुढचा भाग झालेला असतो, गळ्याचे टाके मोठ्या पिनेवर ताटकळत असतात, एक बाही ऐटीत लोंबत असते आणि पिशवीत उरलेला गुंडा लिंबाएवढा असतो.

अशा वेळी विणणारी कोणतीही बाई एकच गोष्ट करते. वेग वाढवते. लोकर संपायच्या आत बाही संपवायची! यात काही अर्थ नाही हे मला ठाऊक आहे, माझ्या मैत्रिणींनाही ठाऊक आहे, आणि आम्ही सगळ्याजणी न चुकता वेग वाढवतो.

‘‘मग आण की अजून एक गुंडा,’’ असं घरचे म्हणतात. गुंड्याच्या पट्टीवर दोन आकडे असतात हे घरच्यांना माहीत नसतं. एक रंगाचा, दुसरा लॉटचा. रंगाचा क्रमांक तोच असला तरी दुसऱ्या खेपेला रंगवलेली लोकर एखाद्या छटेनं वेगळी निघते. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही गुंडे जुळे भाऊ वाटतात. विणून उन्हात नेलं की कोपराखाली सरळ रेघ दिसते आणि तिथून पुढची बाही दुसऱ्याच कुणाच्या स्वेटरची वाटायला लागते. यावर उपाय आहे. दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं आलटूनपालटून विणत गेलं की फरक विरून जातो. अतिशय चांगला उपाय. त्यासाठी फक्त जुनी लोकर भरपूर शिल्लक लागते.

लोकर कमी का पडते, याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे : नमुना विणला नाही म्हणून. नमुना म्हणजे स्वेटर सुरू करण्याआधी विणायचा छोटा चौकोन. तो धुवायचा, वाळवायचा आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचे. बावीस बसले तर १३२ टाक्यांचा घेर ६० सेंटिमीटर होतो. वीसच बसले तर तोच घेर ६६ वर जातो, आणि त्या सहा सेंटिमीटरची लोकर कुणी वेगळी देत नाही. नमुना हे विणकामातलं असं एकमेव काम आहे, जे प्रत्येकजण दुसरीला करायला सांगते. मी तो विणते, अगदी नेमानं विणते. पण तो खोटं बोलतो. नमुना विणताना आपण परीक्षेला बसल्यासारखे ताठ असतो. टाकेही तसेच घट्ट पडतात. पुढे पाठ विणताना गप्पा रंगतात, हात सैल सुटतो. त्यात वेणीसारखे पीळ घातले असतील तर विचारूच नका. पिळाच्या विणीत कापड आत ओढलं जातं, तेवढीच रुंदी भरायला जास्त टाके लागतात, आणि लोकर कुठे गेली म्हणून आपण सोफ्याखाली शोधत बसतो.

लोकर निवडताना कुणीही शुद्धीवर नसतं, त्यामुळे तिथे फार थांबत नाही. मोहेर बोटांना ढगासारखं लागतं आणि उसवताना सूड घेतं. त्याचे केस एकमेकांत असे अडकतात, की उसवण्यापेक्षा नवीन विणणं परवडतं. (हे मोहेर अंगोरा शेळीचं. अंगोरा नावाची लोकर मात्र सशाची. कुणाच्या डोक्यातून ही व्यवस्था निघाली असेल, त्याला माझा नमस्कार.) मेरिनो मेंढीची लोकर मऊ खरी, पण गरम पाण्यात घुसळली की तिच्या धाग्यांवरचे खवले एकमेकांत गुंततात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर बाळाला होतो. लहान मुलांसाठी मी अ‍ॅक्रिलिकच घेते. नाक मुरडणाऱ्या मैत्रिणींनी त्या मुलांचे कपडे मशीनमध्ये कोंबणाऱ्या आईशी एकदा बोलावं. एवढंच, की त्याला गरम इस्त्री दाखवायची नाही. एकदा का ते मऊ पडलं, की पुन्हा उभं राहत नाही.

तर भाच्याचा स्वेटर, दुसरी बाही. पहिली बाही वजन काट्यावर ठेवली : ६२ ग्रॅम. उरलेली लोकर : ४८. मैत्रिणींना कळवलं, ‘फिकट शेवाळी, चार पदरी अ‍ॅक्रिलिक, कुणाकडे आहे का?’

पाच मिनिटांत फोटो सुरू झाले. कुणी गडद हिरवी पाठवली, कुणी राखाडी. एकीनं चक्क मोहरी रंग पाठवून ‘उजेडात जवळपास हाच वाटतो’ असं लिहिलं. जिची नजर घारीची आहे, तिनं लोकरीबद्दल चकार शब्द न काढता कळवलं, ‘डावीकडे, काखेच्या खाली, एक टाका उलट पडलाय.’ दुसरीनं सुचवलं, मनगटाच्या पट्ट्या वेगळ्या रंगाच्या कर. लोकर पुरली नाही असं आमच्यात कुणी म्हणत नाही. ‘डिझाइन आहे’ म्हणतात. तिसरी म्हणाली, पहिली बाही उसव आणि दोन्ही पाऊण कर. त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

आणि नेहमीप्रमाणे एक शेजारीण डोकावून म्हणाली, ‘‘अगं, विकत मिळतात की स्वेटर!’’ विल्यम ली नावाच्या इंग्रजानं मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये तयार केलं. म्हणजे हा मुद्दा चारशे वर्षांहून जुना आहे, आणि तेव्हापासून आम्ही तो ऐकलेला नाही.

शेवटी जिच्याबरोबर मी ती लोकर घेतली होती, तिचाच फोन आला. त्याच लॉटचा एक गुंडा तिनं टोपीसाठी घेतला होता.

‘‘टोपी सुरू केलीस?’’

‘‘करणार आहे.’’

‘करणार आहे’ याचा आमच्यातला अर्थ वर्ष ते दशक काहीही होतो. मी लगेच तिच्या घरी गेले. गुंडा तिनं हातात दिला, पण सोडला नाही. ‘‘बाही आणि गळ्यापुरती घे. उरलेली परत. वजन करून ठेवलंय मी.’’

बाही झाली, गळा झाला, टाके बंद केले. उरलेली लोकर इमानानं परत केली. आणि आश्चर्य म्हणजे तिनं खरोखरच टोपी विणायला घेतली.

पुढच्या भेटीत टोपी माथ्याच्या चार बोटं अलीकडे येऊन थांबली होती. सुया मांडीवर, आणि पिशवी रिकामी. मी भाच्याला मुद्दाम बरोबर नेलं होतं, तो स्वेटर घालून मिरवत होता. तिनं त्याला जवळ बोलावलं, गाल ओढला, कौतुक केलं, आणि दोन बोटांनी कॉलर चाचपून मला म्हणाली, ‘‘गळा जरा उंचच झालाय, नाही? टोचत असेल गं पोराला. चार ओळी उसवल्या तर कुणाला कळणारसुद्धा नाही.’’