जपानी अवघड, पण कोणाला?

सप्रेम नमस्कार.

‘जपानी ही स्पॅनिश-जर्मनपेक्षा कितीतरी अवघड’ या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: कोणतीही भाषा मुळात अवघड नसते, शिकणारा आळशी असतो; आणि मी अमेरिकी आकडे मराठी वाचकांच्या माथी मारले. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० आणि जपानीसाठी २२०० तास धरते, पण हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे, हे मी लिहायला हवे होते.

मराठी माणसाला जपानी वाक्य फारसे परके वाटत नाही, कारण क्रियापद शेवटी येते आणि आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’ यांची कामे करणारे शब्द तिथेही नामाच्या मागेच लागतात. ‘ताबेते मिते’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघ’. घराबाहेर पडताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, ते तर आपले ‘जाऊन येतो’च! इंग्रजी भाषकाला हे सारे नव्याने घडवावे लागते.

मात्र आळसाचा आरोप लिपीपाशी टिकत नाही. २०१० च्या जपानी सरकारी यादीत नित्य वापराची २१३६ कांजी (चिनीतून आलेली अर्थदर्शक) चिन्हे आहेत आणि एकेका चिन्हाचे उच्चार अनेक. जन्म, जीवन दाखवणारे एकच चिन्ह ‘गाकुसेइ’मध्ये (विद्यार्थी) ‘सेइ’, ‘तांजोबी’मध्ये (वाढदिवस) ‘जो’, ‘इकिरु’मध्ये (जगणे) ‘इ’, आणि एकटे असले की बहुधा ‘नामा’, म्हणजे कच्चे. अक्षर दिसले की उच्चार कळला, या देवनागरीच्या सवयीवर वाढलेला कष्टाळू विद्यार्थीही इथे अडखळणारच. चिनी विद्यार्थ्याचे नेमके उलटे होते: कित्येक चिन्हांचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो, पण क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय त्याला नसते. दोघांचे कष्ट सारखे धरले, तरी अडचणी सारख्या होत नाहीत.

जर्मनबाबतही मी घाईच केली. तीन लिंगे आपल्याला नवी नाहीत, हे खरे. पण तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, त्यामुळे ओळखीच्या खोलीत कोणी सामान हलवून ठेवावे तसे होते.

मूळ लेखातील विधान बदलून ‘मराठी भाषकाला जपानी बोलण्यापेक्षा वाचणे अधिक अवघड’ असे करीत आहे. आळसाविषयीचे आपले मत मात्र मी स्वीकारलेले नाही.