कृती लिहिताय ना, मग वाटीचं माप सांगा

दिवाळी जवळ आली की फराळाच्या कृती भराभर फिरायला लागतात. लिहिणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नुसतं "एक वाटी" लिहून सोडू नका.

वाटीला माझा अजिबात विरोध नाही. मोदकाच्या उकडीला जेवढी पिठी तेवढंच पाणी. दोन्ही एकाच वाटीने घेतलं की वाटी केवढी का असेना. घोळ होतो तो "अर्धा किलो बेसन, दोन वाट्या पिठीसाखर" असं लिहिलं की. कुणाची वाटी दीडशे मिलीची, कुणाची दोनशेची. दोन वाट्यांत शंभर मिलीचा फरक पडला तर लाडवाची गोडी बदलणारच. परदेशातल्या आपल्या लेकीसुना तर हाताशी असलेला कप घेतात. अमेरिकेतला कप साधारण 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, आणि जपानी राइस कुकरबरोबरचा 180 चा!

त्यातही पिठीसाखर सगळ्यात फसवी. 240 मिलीच्या कपात साधी साखर 200 ग्रॅम बसते, पिठीसाखर 120 च्या आसपास. म्हणजे वाटीभर साखर दळली की दीड वाटीच्या वर जाते. "1 वाटी साखर दळून" आणि "1 वाटी पिठीसाखर" यांत एवढं अंतर आहे, आणि कृतीत नेमकं तेच मोघम असतं. मैद्याचंही तसंच. चाळून चमच्याने अलगद भरला तर त्याच कपात 120 ग्रॅम, डब्यात कप खुपसून भरला तर 150 पर्यंत. शंकरपाळी एकदा खुसखुशीत आणि एकदा कडक होते, त्याला पुष्कळदा हेच कारण असतं. दोष मात्र करणारीच्या हाताला लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

चकलीच्या भाजणीत तांदूळ आणि डाळी वाटीला जवळपास सारख्याच भरतात, त्यामुळे वाट्यांऐवजी वजनाने घेतल्या तरी प्रमाण फारसं हलत नाही. पण पातळ पोहे वाटीभर घेतले तर वजनाला तांदळाच्या निम्मेही भरत नाहीत. वाटीचं प्रमाण तसंच्या तसं किलोत नेलं की पोहे भलतेच जास्त पडतात.

पूर्वी चिपटं, मापटं, शेर, पायली अशीच मापं होती, पण पायलीसुद्धा सगळीकडे सारखी नव्हती. 1956 साली कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने देशभर किलो-लिटर आले. स्वयंपाकघरात ते अजून अर्धेच पोचलेत.

आपल्या वाटीचं माप काढणं अगदी सोपं आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिली. तो आकडा कृतीच्या वर लिहा. पिठं, पिठीसाखर, पोहे ग्रॅममध्ये द्या, दूध-पाणी मिलीत. मीठ, हळद, हिंग मात्र चमच्यानेच राहू द्या. घरातल्या काट्यावर एक-दोन ग्रॅम नीट कळत नाहीत.