जुना गेम घेता? थोडी लाज वाटू द्या

भाऊ, आपल्या नागपुरात बर्डीवरच्या त्या बोळातल्या दुकानात तुम्ही ट्यूबलाईटखाली व्हिडिओ गेमची जुनी डिस्क तिरपी धरून स्क्रॅच पाहून राहिले होते ना, तेव्हाच कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं. चांगल्या घरचे दिसता, पायात ब्रँडेड शूज, आणि गेम मात्र दुसऱ्यानं खेळलेला. वरून दुकानदाराला विचारता, "मागचा आणून दिला तर किती कमी करशील?" अहो तिकडे टोकियोत, कॅलिफोर्नियात शेकडो लोक चार-चार वर्षं खपून एक गेम बनवतात, आणि तुम्ही ४,९९९ ची डिस्क अर्ध्या किमतीत उचलून खुशाल तर्री पोहे खायला निघता. त्यातला एक रुपया तरी कंपनीला गेला का? नाही गेला. मग तुमच्यात आणि चोरात फरक काय, हे कंपन्या एवढ्या स्पष्ट बोलत नाहीत, सभ्य लोक आहेत, म्हणून म्हटलं आपणच बोलावं.

तर सुधरायचं असेल तर सगळ्यात आधी डोक्यातून हे काढा की डिस्क घेतली म्हणजे गेम तुमचा झाला. पैसे तुमचे, बिल तुमच्या नावाचं, कपाट तुमचं, त्याच्यावरची धूळ पण तुमचीच, गेम तेवढा त्यांचा. तुम्हाला फक्त खेळायची परवानगी मिळाली, तीही ते लांबलचक इंग्रजी न वाचता खालचं बटण दाबलं म्हणून. हिशोब सरळ आहे, पैसे मोजायचे विकत घेणाऱ्याचे आणि राहायचं भाडेकरूसारखं. भाडेकरूला निदान डिपॉझिट तरी परत मिळतं असं म्हणाल, तर आधी हे असले प्रश्न विचारायची सवय मोडा.

हे दुखणं फार जुनं आहे बरं का. अमेरिकेत एका प्रकाशकानं पुस्तकात चक्क छापून ठेवलं होतं की हे एका डॉलरपेक्षा कमीत विकलं तर कॉपीराईटचा भंग समजू. मेसीज नावाच्या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं, भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९०८ साली कोर्टानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला, की बाबा एकदा विकलंस ना, आता पुढचा माणूस ते कितीलाही विको. बिचारा प्रकाशक. त्याच्या काळी इंटरनेट नव्हतं, नाहीतर पुस्तकानंच उघडायला नकार दिला असता.

ईए नावाच्या गेम कंपनीनं मग २०१० मध्ये ऑनलाईन पास काढला. नव्या डिस्कसोबत एक कोड यायचा, तो एकदा टाकला की संपला, जुनी डिस्क घेणाऱ्याला ऑनलाईन खेळायचं असेल तर वेगळे १० डॉलर. किती माणुसकी पाहा, दंड भरून शुद्ध व्हायची सोय ठेवली होती. लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की २०१३ मध्ये त्यांनी ती गुंडाळली.

पण त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, जाहीर केला, तो खरा सुवर्णकाळ, जेमतेम महिनाभर टिकला ही गोष्ट वेगळी. गेम तुमच्या अकाऊंटला चिकटणार, कन्सोल दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावणार, हजेरी चुकली की गेम बंद, मित्राला डिस्क द्यायची तर तो किमान ३० दिवस तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये पाहिजे आणि एका गेमचं हे दान एकदाच करता येणार, विकायचा असेल तर ठरवून दिलेल्या दुकानातच, तेही गेम काढणाऱ्या कंपनीची हरकत नसेल तर. मग कोणीतरी विचारलं की ज्यांच्याकडे इंटरनेटच नाही त्यांनी काय करायचं, तर मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्सवाले साहेब डॉन मॅट्रिक म्हणाले की त्यांच्यासाठी आहे ना आमच्याकडे, एक्सबॉक्स ३६०. म्हणजे मागच्या पिढीतला कन्सोल. जुना गेम घेणं पाप, जुना कन्सोल घ्या हा सल्ला, हा बारीक फरक शांतपणे समजून घ्या.

सोनीनं घात केला. १० जूनला ई३ नावाच्या गेमच्या मेळ्यात स्टेजवर सांगून टाकलं की त्यांच्या पीएस४ कन्सोलवर जुने गेम चालतील, टाळ्या काय, शिट्ट्या काय, आणि वरून २२ सेकंदांचा एक व्हिडिओ सोडला, गेम शेअर कसा करायचा याचा. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्कची डबी देतो, तो थँक यू म्हणतो, संपला व्हिडिओ. एवढ्या मोठ्या कंपनीला हा पोरकटपणा शोभतो का? १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं सगळे नियम मागे घेतले.

आपल्या नागपूरचं यात किती नुकसान झालं त्याच्यावर कोणी बोलूनच नाही राहिलं. एक्सबॉक्स वन भारतात आला २०१४ च्या सप्टेंबरात, तोपर्यंत नियमांची तेरवी झाली होती. नाहीतर विचार करा, मे महिना, पारा ४५ च्या पुढे, कूलरमध्ये दुपारी दुसरी बकेट ओतून झाली आणि लाईट गेली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात आणि तरी आपलीच लाईट जाते, त्याचं काही मनाला लावून घ्यायचं नाही. लाईट आली तर वायफाय नाही, वायफायवाला फोनवर म्हणतो "भैया, ऊपरसेच बंद है", आणि इकडे कन्सोलचे २४ तास भरत आले. पोरगं रडून राहिलं, "पप्पा, हा डबा माझाच गेम मला खेळू नाही देऊन राहिला." झालं, नाईलाजानं पोरगं उन्हात खेळायला जातं, तब्येत सुधारते. कंपनीनं केवढा दूरचा विचार केला होता.

आणि मी म्हणतो गेमपुरतंच कशाला ठेवायचं हे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो, त्याचा लाकडी बैल घ्या. आजोबांनी घेतला, बाबांनी ओढला, काकांच्या पोरानं एक शिंग मोडलं ते फेव्हिकॉलनं चिकटवलं, दर वर्षी त्याला नवा रंग, नवी झूल, आणि आता तुमचा पोट्टा तोच बैल घेऊन गल्लीभर फिरून बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारे पैसे, गोळा करतो. तीन पिढ्या फुकटात! बैल बनवणाऱ्या कारागिराला पहिल्या विक्रीनंतर एक छदाम नाही मिळाला आणि कोणाला त्याची शरम पण नाही. खरं तर बैलाच्या पोटात चिप पाहिजे. बैल आजोबांच्या अकाऊंटला बांधलेला, नातवानं दोरी धरली की चाकं जाम. आजोबा वारले की बैलही लॉगआऊट. आणि बोजाऱ्यातले ३० टक्के कंपनीला.

एक छोटी अडचण आहे, ती तेवढी कोणाला सांगू नका. मानेवाड्याकडचं एखादं पोरगं समजा, नवा गेम पहिल्याच दिवशी ४,९९९ ला घेतं, रात्री जागून संपवतं आणि मग ग्रुपवर टाकतं, "कंडिशन एकदम मख्खन, ३,५०० फिक्स, टाईमपासवाल्यांनी मेसेज करू नये." फिक्स म्हटल्याबरोबर चार मेसेज येतात, "भाऊ लास्ट किती?" शेवटी झिरो माईल मेट्रो स्टेशनच्या खाली गाडी साईडला लावून, मोबाईलच्या टॉर्चमध्ये डिस्क बघून, ३,२०० ला सौदा होतो. आणि ते पोरगं करतं काय, त्यात खिशातले अठराशे टाकून पुढचा नवा कोरा गेम घेतं. म्हणजे नव्या गेमचे पैसे ज्या खिशातून येऊन राहिले तो खिसा जुन्या गेमनं भरलेला. पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही कंपन्यांचा हिशोब धरा, की ज्यानं जुना घेतला त्याला जुना मिळाला नसता तर त्यानं नवाच घेतला असता. बरोबरच आहे, ज्याच्या खिशात दोन हजार आहेत त्याला दोन हजाराची वस्तू नाही मिळाली तर तो पाच हजाराचीच घेणार ना. इतवारीत सगळे असेच खरेदी करतात.

तसं आता घाबरायचं कारण नाही, जुने गेम ब्लॉक करायची कटकटच उरली नाही. कंपन्यांनी डिस्क घालायची फटच काढून टाकली. सोनीचा पीएस५ भारतात २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० आणि बिनडिस्कवाल्याची ३९,९९०. दहा हजार वाचले म्हणून उड्या मारा आणि मग आयुष्यभर एकाच दुकानातून, ते लावतील त्या भावात गेम घ्या, एक्सचेंज नाही, घासाघीस नाही, मित्राला देणं नाही. चार-पाच गेम झाले की ते दहा हजार कुठे गेले हे विचारायला तोंड राहत नाही. २०२४ चा पीएस५ प्रो तर सगळ्यात महाग आणि त्यात ड्राईव्हच नाही, पाहिजे तर वेगळा घ्या, आणि पैसे देऊन आणलेला तो ड्राईव्ह जोडतानाही एकदा इंटरनेटवरून परवानगी घ्या. निन्टेंडोनं २०२५ च्या स्विच २ कन्सोलसाठी काही गेमची अशी कार्डं काढली की कार्डात गेमच नाही, नुसती चावी, गेम डाऊनलोड करायचा. ते कार्ड पुढे विकता येतं हे खरं, पण ज्या दिवशी तिकडचा सर्व्हर बंद होईल त्या दिवशी हातात राहील ती नुसती चावी, कुलूप मिळणार नाही.

सर्व्हर बंद होतो का असं विचारू नका. युबिसॉफ्ट कंपनीनं 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि नंतर लोकांच्या लायब्ररीतूनही त्याचं लायसन्स काढून घेतलं. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी चालत नाही, डिस्क कपाटात आहे ती आहे. अशा वेळी आदर्श ग्राहकानं चिडायचं नाही, एवढे दिवस खेळू दिलं म्हणून आभार मानायचे.

आता राहिल्या तुमच्या कपाटातल्या जुन्या डिस्का. येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात ईडा पीडा हाकलायची मारबतीची मिरवणूक निघेल तेव्हा यांचा एक मस्त बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, करा, गळ्यात डिस्कांची माळ, पाठीवर 'सेकंडहँडवाला' अशी पाटी, आणि गर्दीत घुसून बोंबला, "ईडा पीडा, जुन्या डिस्का घेऊन जा गे मारबत!" फक्त जाळायच्या आधी एकदा माळेचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाका. क्रिकेटवाली असली, डबी फुटलेली नसली आणि मागून जास्त घासलेली नसली तर हजार देतो. नाही, बाराशे नाही जमणार भाऊ, हजार लास्ट.