विहीर 40 फूट, खदान 300 फूट: पाणी एकच

विदर्भातल्या वणी, भद्रावती, वरोरा या भागात कोळशाची नवी खुली खदान येणार असं कळलं की एक संदेश गावोगाव फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी असतात. कोळसा 200-300 फूट खोल आणि आपल्या विहिरी 40-50 फुटांच्या, त्यामुळे दोन्हींचं पाणी वेगळं. विहिरी आटतात त्या पाऊस कमी झाला म्हणून. खदानीतून उपसलेलं पाणी नाल्याला येतं, त्यात गावाचा फायदाच. आणि खदान संपली की गावाला तलाव मिळतो.

पहिला मुद्दा सगळ्यांत जास्त पटतो आणि नेमका तोच सगळ्यांत जास्त चुकीचा आहे.

वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर थरात आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे, त्यावर काळी माती, काही भागांत बेसाल्टही. कामठीचा लालसर-पिवळा तुकडा हातात घेऊन अंगठ्याने घासा, वाळूचे कण सुटून येतील. त्यावर तांब्यातलं पाणी ओता, बघता बघता जिरेल. आपल्या कितीतरी विहिरी आणि बोअर याच दगडाच्या जिवावर चालतात.

आता खुली खदान कशी चालते ते बघा. ती जमिनीखालून बोगदा काढून कोळशापर्यंत जात नाही. वरचा सगळा दगड फोडून, उचलून बाजूला ढीग घातला जातो. म्हणजे खदान आपल्या पाण्याच्या थराखालून जात नाही, त्या थरालाच कापून जाते. कापलेल्या कडेतून पाणी खड्ड्यात झिरपतं. काम चालू ठेवायचं तर तळ कोरडा लागतो, म्हणून पंप रात्रंदिवस चालतात. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं. खड्ड्याची पातळी पंपाने खाली धरून ठेवली की चारी बाजूंचं भूजल तिकडे ओढलं जातं आणि पाण्याची पातळी खदानीच्या दिशेने उतरती होते. 40 फुटांच्या विहिरीचा तळ उथळ असतो, पातळी तळाच्या खाली गेली की पाणी संपलं, म्हणून आधी तीच कोरडी पडते.

परिणाम सगळीकडे सारखा होत नाही, हेही सांगायला हवं. मध्ये चिकणमातीचा किंवा शेलचा (चिखल घट्ट होऊन बनलेला दगड) सलग थर असेल, एखादा भ्रंश, म्हणजे थर तुटून सरकलेली भेग, आडवा आला असेल, तर ओढ अडू शकते. पण तसा थर आहे की नाही हे संदेशावरून ठरत नाही. बोअर घेऊन, पंप चाचणी करून (म्हणजे सलग उपसा करून पातळी किती उतरते ते बघून), आजूबाजूच्या विहिरींची पातळी मोजूनच ते कळतं.

पावसाचं कारण तपासणं अवघड नाही. पाऊस कमी झाला तर 2 किलोमीटरवरची विहीरही उतरते आणि 15 किलोमीटरवरचीही. जवळच्याच विहिरी उतरल्या, त्याही चांगल्या पावसाच्या वर्षी, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. वणी तालुक्यात माझ्या मामाच्या वावरात मोटर तीन वेळा खाली उतरवावी लागली. एका विहिरीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून तर दूरच्या आणि जवळच्या विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवून बघाव्या लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. त्या नोंदी मागता येतात.

उपसलेल्या पाण्याबद्दल अर्धं खरं आहे. त्या पाण्यावर काही ठिकाणी शेती होते, शुद्ध करून ते पिण्यासाठीही वापरलं जातं. पण नाल्याला सोडलेलं पाणी उताराने वर्धा नदीला जातं. वरच्या बाजूच्या ज्या वावरातून ते ओढलं गेलं, तिथे ते परत येत नाही. नाल्याकाठच्याला मिळालं म्हणजे सगळ्या गावाला मिळालं, असं होत नाही. शिवाय फुटलेल्या दगडातून आणि कोळशातून येताना ते क्षार आणि सल्फेट उचलतं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं, त्यामुळे मेघालयातल्यासारखं आम्लाचं पाणी इथे सहसा होत नाही. जडपणा मात्र वाढू शकतो.

आणि तलाव. खड्डा पाण्याने भरतो हे खरं, पण खदान बंद झाल्यावर, म्हणजे बहुधा वीस-तीस वर्षांनी. तोवर विहीरवाल्याने काय करायचं, याबद्दल संदेशात एक शब्द नाही. आणि खड्ड्याच्या ज्या भागात माती परत भरतात, ती माती म्हणजे वाळू, शेल, चिकणमाती यांचा कालवलेला ढीग. पाणी धरणारा जुना थर पुन्हा उभा राहत नाही.

जनसुनावणीत खदानीच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल समोर आला की भूजलाचं प्रकरण उघडा आणि बघा, पंप चाचणी कुठे आणि किती तास झाली, 10 किलोमीटरच्या परिघातल्या कोणत्या विहिरी मोजल्या, कोणत्या महिन्यात मोजल्या. पावसाळा वगळून एकाच हंगामाच्या मोजणीवर भागवलेलं असेल तर तिथेच हरकत नोंदवा. आणि आपली विहीर आजच मोजा. काठावरच्या एका दगडाला रंगाची खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा, तारीख लिहा, मोटर चालू होती की बंद तेही लिहा. पहिला दगड फुटायच्या आधीची ही नोंद नंतर कुठूनही मिळणार नाही.